तिसरी खूण

"हनुवटी थोडी खाली," ती म्हणाली आणि स्टुलावर बसलेल्या माणसाने हनुवटी वर केली. बहुतेक सगळे असंच करतात. फोटोच्या स्टुलावर बसलं की चांगल्या शहाण्या माणसाला खालीवर, डावंउजवं काही कळेनासं होतं. मग ती नेहमीसारखी पुढे झाली, दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली धरली आणि फळीवर बरणी नीट लावावी तसं त्याचं डोकं हवं तसं लावून ठेवलं. "कपाळ पुसा. चकाकतंय." त्याने पुसलं. टक्कल, पांढरी खुरटी दाढी, गळ्याशी सैल पडलेली कातडी, शर्टाला कडक इस्त्री. लाईट उडाला तसे त्याने डोळे मिटले. पुन्हा काढला, पुन्हा मिटले, आधी डावा आणि मग उजवा, एखादं दुकान एकेक फळी लावून बंद करावं तसे. तिसऱ्यांदा त्याने डोळे इतके ताणून उघडे ठेवले की त्याला कोणीतरी भीती घातलीय असं वाटलं असतं. "झालं. सहाच्या आत येऊन घेऊन जा." तो उठला, पण लगेच गेला नाही. काहीतरी विसरल्यासारखा स्टुलावर हात ठेवून उभा राहिला. ती तोवर पुढच्या गिऱ्हाइकाच्या तान्ह्या बाळाची मान सावरायच्या मागे लागली होती. "बरं," तो म्हणाला आणि काचेचं दार ढकलून गेला.

बाळाने जीव नकोसा केला. ते आटोपून ती कॉम्प्युटरपाशी बसली आणि सकाळचे चेहरे एकेक करून कापायला घेतले. हे काम डोकं बाजूला ठेवून होतं. पडद्यावर एक लंबगोल असतो, त्यात चेहरा बसवायचा, दोन्ही कान दिसतायत का बघायचं, मागचा पडदा पांढरा करायचा. टक्कलवाल्याचा चेहरा तिने मोठा केला, डावा कान लंबगोलाच्या रेषेवर आणला आणि तिचा हात तिथेच थांबला. कानाची वरची कड उंदराने कुरतडल्यासारखी तुटलेली होती. जरा काळजीने बघितलं तरच दिसेल इतकीच. ती कड तिला माहीत होती. ती तिनेच तोडली होती. चार वर्षांच्या भावाने खिडकीच्या गजांत डोकं अडकवून घेतलं होतं आणि आई बाजारातून यायच्या आत ते सोडवायचं म्हणून तिने घाबरून त्याला मागे ओढलं होतं. रक्त बघून तो रडला नाही. गाल फुगवून तिच्याकडे बघत राहिला. गाल फुगवायची त्याला खोडच होती, म्हणून तर घरात, गल्लीत, शाळेत सगळे त्याला फुग्या म्हणायचे.

"मावशी, प्रिंटर तापलाय का?" मालकाने आतून विचारलं. मालक तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. दुकान त्याच्या वडिलांचं. ती त्या वडिलांच्या वेळेपासूनची, त्यामुळे तो मालक असला तरी मावशी म्हणायचा आणि ती त्याला रागवायची, हे ठरूनच गेलं होतं.

"या माणसाचं नाव काय होतं?"

"कोणत्या?"

"हा. टक्कल."

"पासपोर्टच्या फोटोला आपण नाव कधी विचारलंय? चेहरा आणला की झालं." मालक तिच्या खांद्यावरून वाकला. "का, पैसे न देता गेला?"

"दिले."

"मग ओळखीचा आहे?"

तिने तो कान पडद्यावर आणखी मोठा केला. कान ही एक खूण झाली. डोळे मिटायची ती पद्धत, आधी डावा आणि मग उजवा, लहानपणी फुग्याही असाच मिटायचा, ही फार तर दुसरी. पण कान तर हजार लोकांचे तुटतात, सायकलवरून पडून, कुत्र्याने चावून. आणि लाईट उडाला की सगळी दुनिया डोळे मिटते. दोन खुणांवर नाव घ्यायचं नाही. हा नियम डॉक्टरबाईंचा. डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर, आता निवृत्त. बसडेपोच्या मागे पाण्याने भरलेली एक जुनी खाण आहे. तिथे दर रविवारी पाचसहा रिकामटेकडी माणसं गोळा करून त्या चतुर ओळखायला शिकवायच्या. पानावर, दगडावर, पाण्यातल्या काडीवर बसणारे ते चतुर, लहानपणी सगळ्यांनी पकडलेले आणि मोठेपणी कोणीच न बघितलेले. या भागात नेहमी दिसणाऱ्या चतुरांचा एक तक्ता छापायचा, हे डॉक्टरबाईंनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी नावंही मंडळींनी आपली आपणच पाडली होती. जमिनीला पोट लावून बसतो तो भुईबश्या. कधी बसतच नाही, सदा हवेत, तो फिरस्ता. आपल्याच जातभाईंना धरून खातो तो हिरव्या पट्ट्यांचा, त्याला वाघ्या. नाल्याच्या घाण पाण्यावर केशरी पंख मिरवत असतो त्याला ती 'नवरदेव' म्हणायची. डॉक्टरबाईंना ते पसंत नव्हतं, पण राहिलं. आणि नियम एकच. रंगावर भुलायचं नाही. रंग वयाने बदलतो, उन्हाने बदलतो, आणि कात टाकून नुकताच बाहेर आलेला चतुर तर पाणी घातलेल्या दुधासारखा बेरंगी असतो, त्याला त्याची आईसुद्धा ओळखणार नाही. रंग सोडून तीन खुणा दिसल्या की मगच तोंड उघडायचं. तोवर गप्प. नाहीच दिसल्या तर 'अनोळखी' म्हणायचं आणि घरी जायचं.

ती या नियमाच्या प्रेमात पडली होती. शिकलीसवरलेली नसल्यामुळे लहानपणापासून तिला वाटायचं, की आपण कुठल्याही गोष्टीबद्दल ठाम बोललो की कोणीतरी हसणार. इथे गप्प राहायलाच शाबासकी मिळत होती. खाणीच्या काठावर ती तासन्‌तास दुर्बीण लावून बसायची. घरी नवरा म्हणायचा, "माझ्याकडे एवढं बघितलं असतंस तर मी सुधारलो असतो." पण आज ती पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे बघत होती आणि नियम आडवा येत होता. कारण हा चेहरा तिसरी खूण द्यायलाच तयार नव्हता. तो फक्त समोर बघत होता, पासपोर्टच्या फोटोत बघतात तसा, कोणाकडेच न बघता. भाऊ घर सोडून गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. काटकुळा, मानेवर रुळणारे दाट केस, चालताना चपला फरफटवायचा. एक दिवस सकाळी त्याच्या खोलीत गेली तर अंथरूण व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं. चादरीवर उशी, उशीवर पांघरूण, कडेला कड. जन्मात त्याने कधी अंथरुणाची घडी घातली नव्हती. त्यावरूनच तिला कळलं की हा गेला. भांडण वडिलांशी होतं, ते रोजचंच होतं. जायचं होतं तर जायचं. पण मला तरी सांगायचं. एवढं एकच वाक्य तिने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. तो भेटला की पहिलं हे म्हणायचं, म्हणून घासूनपुसून लख्ख ठेवलेलं. भिंतीपलीकडे झोपले होते मी. ज्याला मी भरवलं, ज्याचं शेंबडं नाक पुसलं, ज्याच्या वाटचा मार दोनदा खाल्ला, त्याने घड्या घातल्या आणि भिंतीला टकटक केली नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, त्याला मी अंधारात पावलांवरून ओळखीन. म्हणायला काय जातं. आईला ओळखायची पाळीच आली नाही. ती आपली खात्री घेऊन गेली. आणि तिने स्वतः? या दुकानात ती एवढी का चिकटून राहिली, असं तिला कोणी विचारलं तर ती म्हणायची, जवळ पडतं. खरं म्हणजे कधीतरी, अगदी सुरुवातीला, तिच्या मनात येऊन गेलं होतं की माणूस कुठेही पळून गेला तरी कधी ना कधी त्याला फोटो लागतोच. मग ते विसरूनही गेलं. चेहऱ्यांचा इतका रतीब पडला की चेहरे दिसायचेच बंद झाले. कान दिसायचे, चकाकणारी कपाळं दिसायची, वाकड्या हनुवट्या दिसायच्या.

फोटो छापून, कापून, पाकिटात घालून तिने ते काउंटरच्या खणात ठेवलं, आणि एक जास्तीचा काढून ओढणीच्या टोकात बांधला. मग स्वतःचाच राग येऊन तो सोडून पर्समध्ये टाकला. दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. तक्ता आज छापायला जाणार, एका फोटोवरून अडलंय, फोटो तुझा आहे, येऊन जा. नको म्हणावं असं तिला वाटलं. पण सहाच्या आत म्हणजे लोक सहालाच येतात, हा दुकानाचा जुना अनुभव. आणि तोवर त्या खणाकडे बघत बसणं तिच्याने झालं नसतं. "मी जेवायच्या सुट्टीत खाणीवर जाऊन येते," तिने मालकाला सांगितलं. "तो टक्कलवाला आला तर थांबवून ठेव."

"काय सांगून थांबवू?"

"काहीही सांग. प्रिंटर तापलाय म्हण."

खाणीवर ऊन सपाट पडलं होतं. पाण्यावर डिझेलचा एक तवंग बरेच दिवस तसाच होता आणि त्यावरून 'नवरदेव' ऐटीत फेऱ्या मारत होते. डॉक्टरबाई घडीच्या खुर्चीत बसून, मोबाईल डोळ्यांच्या अगदी जवळ धरून फोटो बघत होत्या. हा तिचा आवडता फोटो. उघड्या मातीवर बसलेला भुईबश्या, अंगावर राख उडवल्यासारखी फिकट निळी पूड, पंख पुढे झुकवलेले. खाली तिने लिहून दिलं होतं, भुईबश्या, नर. कारण नर निळा, मादी पिवळट, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

"नर?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"निळा आहे ना."

"रंगावर भुललीस." त्यांनी फोटो मोठा करून शेपटीचं टोक दाखवलं. "नराला इथे चिमटा असतो. मादीला धरून ठेवायला. आहे का? नाही. कमरेखाली नराला बारीक उंचवटा असतो. आहे? नाही. ही मादी आहे. म्हातारी. वय झालं की या माद्यांवरही निळी पूड चढते, आणि सगळी जुनी नक्षी तिच्याखाली जाते. मग लोक नर म्हणून मोकळे होतात."

"मग आता?"

"आता काय, खाली 'मादी, वयस्क' असं लिहायचं. चांगला फोटो आहे. कोणाकडे नसेल असा." त्या खूष होत्या. "तू का घामाघूम झालीस? छापल्यावर चूक निघाली असती तर ती गोष्ट वेगळी."

ती खडकावर टेकली. नक्षी खाली असते तर. पुसली जात नाही. वर पूड चढते, नुसती. तिला ते दोन्ही डोळे आठवले, पहिल्यांदा मिटले, दुसऱ्यांदा मिटले, आणि तिसऱ्यांदा केवढे उघडले. कशाला? फोटोसाठी कोणी इतके उघडत नाही. आणि स्टुलावर ठेवलेला तो हात. "डॉक्टरबाई," ती म्हणाली, "माणसाच्या किती खुणा लागतात?"

"कसल्या?"

"ओळखायला. समजा खूप वर्षांनी दिसला. दोन खुणा जुळल्या. तिसरी नाही."

"मग ओळखलं नाही." डॉक्टरबाईंनी दुर्बीण उचलली. "खात्री नसेल तर सोडून द्यावं. माझ्याकडे एकदा एक बाई दुसऱ्याचंच कुत्रं आपलं म्हणून घेऊन आली होती. चार महिने हरवलेलं म्हणे. पट्टा, रंग, पांढरा पाय, सगळं जुळत होतं. ती रडली, कुत्रंही खूष. तिसऱ्या दिवशी खरा मालक आला. फार तमाशा झाला."

"आणि तिचं कुत्रं?"

"ते मिळालं नाही."

"म्हणजे दुसऱ्याचं कुत्रं तीन दिवस खूष होतं, एवढंच झालं ना वाईट?"

डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून डोळा काढून तिच्याकडे नवीनच जात बघितल्यासारखं बघितलं. "तुला काय झालंय आज?"

तिला एकदम त्या नियमाचा संताप आला, आणि संताप येतोय म्हणून शरमही वाटली. चतुराचं काय, त्याला ओळखलं नाही तर त्याचं अडत नाही. तो उडून दुसऱ्या काडीवर बसेल, अनोळखी म्हणून मरेल, त्याला पत्ताही लागणार नाही. पण स्टुलावर बसलेल्याचं अडत असेल तर? तिसरी खूण दिसेपर्यंत गप्प बसायचं, आणि ती दाखवायलाच तो बसला असेल तर? ती उठली. "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा खाली," म्हणाली आणि डेपोच्या भिंतीच्या कडेने निघाली ती जवळजवळ पळतच. दुर्बीण गळ्यात तशीच, छातीवर ठाण ठाण आपटत. रस्त्यात कोणीतरी म्हणालं, काय मावशी, कोणाला शोधताय, आणि ती थांबली नाही.

दुकानात मालक खुर्चीवर चढून पंखा पुसत होता. काउंटरचा खण उघडा होता.

"आला होता," तो म्हणाला, आणि तिचं तोंड बघून खाली उतरला. "मी सांगितलं ना, प्रिंटर तापलाय. तर त्याला ते पाकीट दिसलं समोर. म्हणाला, हे माझंच. आता काय धरून ठेवू का माणसाला?"

"काही म्हणाला?"

"तुमची चौकशी केली. त्या बाई कुठे गेल्या. म्हटलं, जेवायच्या सुट्टीत चतुर बघायला जातात खाणीवर. वेड आहे त्यांना. तर हसला."

"आणि?"

"आणि म्हणाला, अजून?"

ती काउंटरला धरून उभी राहिली. दुपारी सगळे झोपले की ते दोघं मागच्या नाल्यावर जायचे. ती पाठीमागून दबकत जाऊन दोन बोटांत पंख पकडायची, तो नुसता श्वास रोखून उभा असायचा; त्याला पकडता यायचं नाही, तो फक्त सांगायचा, अक्का तो बघ, अक्का तो. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. "कुठे गेला?"

"समोरच्या पासपोर्टच्या कचेरीत बहुतेक. हातात फाईल होती. मावशी, पंखा तरी चालू करू द्या, अहो—"

कचेरीच्या खिडक्यांपुढे रांग व्हरांड्यातून वळून पायऱ्यांवर आली होती. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. टकली डोकी, पांढऱ्या शर्टांच्या पाठी, फाईल काखेत धरलेल्या. पाठीमागून माणूस म्हणजे काय, कोणताही माणूस. कान बघायला पुढे जावं लागेल, आणि पुढे जाऊन एकेकाचा कान तपासत फिरणारी, गळ्यात दुर्बीण अडकवलेली बाई कशी दिसेल याचा विचार तिच्या मनात आला आणि गेला. खाणीवर तोंड उघडलं की चतुर उडतो. आणि हा उडाला तर? म्हणाला, कोण तुम्ही, मी तुम्हाला ओळखत नाही, तर? किंवा ओळखूनच तसं म्हणाला तर? पायऱ्यांच्या खाली उभी राहून तिने छाती भरून श्वास घेतला आणि मोठी माणसं ज्या नावाने लाजून मरतील त्या नावाने, भर दुपारी, भर रस्त्यात हाक मारली.

"फुग्या."

सगळी रांग वळली. बायका वळल्या, म्हातारे वळले, रखवालदार वळला, खिडकीतला कारकूनही मान तिरकी करून बघू लागला. असल्या हाकेला माणूस वळणारच. एकच पाठ वळली नाही. मधली, पांढऱ्या शर्टाची. ती उलट ताठ झाली, पाठीमागे भिंत असावी तशी.

ती पायऱ्या चढून त्या पाठीशी जाऊन उभी राहिली. शेजारी. तो समोरच बघत होता.

"नंबर जाईल माझा," तो म्हणाला.

"मी कुठे म्हणतेय, चल."

रांगेतल्यांचं बघून झालं आणि ते पुन्हा खिडकीकडे वळले. तिने हळूच बघितलं. खिशात दुकानाचं पाकीट होतं, आणि त्याच्याच मागे आणखी एक, दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाचं, चुरगळलेलं.

"फोटो होते तर तुझ्याकडे."

"होते."

"मग सकाळी तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तू बघत होतीस की," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, जाड झाला होता, कुठलातरी परका हेल त्यात शिरला होता. "इतक्या जवळून बघत होतीस. हनुवटी धरलीस. म्हटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. तर म्हणालीस, कपाळ पुसा."

"चकाकत होतं," ती म्हणाली, आणि मग ते घासूनपुसून ठेवलेलं वाक्य तिच्याही नकळत, कसंबसं, फुटक्या आवाजात बाहेर आलं. "जाताना मला तरी सांगायचंस."

"दाराशी आलो होतो. झोपली होतीस."

"उठवायचंस."

"उठवलं असतं तर गेलोच नसतो," तो म्हणाला.

राग गेला नाही. तो होता तिथेच होता, फक्त त्याच्या शेजारी आता हा माणूस उभा होता. "कुठे निघालास?" तिने फाईलकडे बघत विचारलं.

"लेकीकडे. लांब आहे. कागद झाले तर पुढच्या महिन्यात." मग तो म्हणाला, "तुझ्या भाचीकडे." रांग पुढे सरकली. तो हलला नाही, म्हणून मागचा माणूस करवादला, "काका, पुढे व्हा. आणि ओ बाई, मधे कुठे घुसताय? मागून या. आम्ही काय सकाळपासून उन्हात गंमत म्हणून उभे आहोत?"

"मला नंबर नकोय," ती मागे वळून म्हणाली. "मी याची बहीण आहे."

तिने पुन्हा समोर बघितलं आणि शेजारून एखादा शब्द येतो का, नाही म्हणतो का, याची वाट बघत राहिली. त्याने फाईल या हातातून त्या हातात घेतली, आणि त्याच्या शेजारी तिच्यापुरती जागा झाली.